न मेलेल्या पेशी

उंदराच्या स्वादुपिंडातून तिळाहून बारीक गोळे एकेक करून टिपून घ्यायचे, हे ताईचं काम. सूक्ष्मदर्शकाला डोळा, हातात काचेची नळी. याच गोळ्यांतल्या पेशी इन्शुलिन बनवतात. प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत. साहेबही, जे तिच्याहून सहा वर्षांनी मोठे होते.

इन्शुलिन बनव, असा हुकूम या पेशींना एक नियामक प्रथिन देतं. साहेबांचा प्रयोग सोपा होता: औषध घालून ते प्रथिन बंद पाडायचं आणि काय होतं ते बघायचं. इन्शुलिन असलं की पेशी लाल रंग धरतात. औषधानंतर लाल काही दिसेना.

"मेल्या," साहेब म्हणाले.

"मेल्या नाहीत, साहेब. जिवंत आहेत, नुसत्या आपलं काम विसरल्यात. मेलेल्या पेशी फुटतात. या बघा, कशा ठणठणीत आहेत."

साहेबांनी चहाच्या टेबलावर तो किस्सा रंगवून सांगितला. "ताईंचे हात सोन्याचे हो! डोकं मात्र आपल्यालाच चालवावं लागतं." सगळे खो खो हसले. ताईनेही कप विसळता विसळता ओठ ताणले.

पुढे साहेबांचा शोधनिबंध छापून आला. पेशी मरतात, असं ठासून लिहिलेलं. शेवटी आभार होते, त्यात फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचंही नाव होतं. ताईचं नव्हतं.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला.

"का म्हणून जाऊ देऊ?"

दोन वर्षं तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. साहेबांना नव्या विभागाचं प्रमुखपद द्यायचं की नाही, हे ठरवायला समिती येणार असं कळलं, तेव्हा समितीला दाखवायला म्हणून तिने प्रयोग पुन्हा लावला. पेशींचा लाल रंग गेल्यावर औषध थांबवलं आणि दहा दिवस रोज त्यांचं पोषक पाणी बदललं. साहेबांना आधी दाखवता आलं असतं. रोज सकाळी ते तिच्या मनात येई, आणि रोज सकाळी ती ते ठरवून गिळून टाकी.

समिती आली. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आम्हाला त्या मेलेल्या पेशी बघता येतील का?"

"अवश्य! ताई, लावा जरा."

ताईने तबकडी सरकवली. बाई डोळा लावून बराच वेळ वाकून राहिल्या.

"या तर लालभडक आहेत."

"औषध थांबवलं, प्रथिन परत आलं, पेशी कामाला लागल्या," ताई म्हणाली. "मेलेलं कुणी कामाला लागत नाही. रोजच्या नोंदी माझ्या सहीनिशी वहीत आहेत."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. ते तिच्या कानाशी आले. "ताई, आपण मिळूनच केलं म्हणून सांगा ना. तुम्ही मला दाखवणारच होतात."

"नाही," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुम्हाला दाखवलं असतं, तर ह्या पेशीसुद्धा तुमच्याच नावावर जमा झाल्या असत्या."