कच्चा आवाज

"माफीचा मजकूर लिही. दोनच ओळी. काल अयोग्य आवाज प्रसारित झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

चॅनल चालवणारे आमचे सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. दोन एडिटर होते, कॅमेरावाला होता, पडद्यावर बातम्या वाचणाऱ्या मॅडम चहा पीत बसल्या होत्या. अयोग्य आवाज म्हणजे माझा. आणि त्याची माफी मीच लिहायची.

मी उल्हासनगरच्या एका केबल चॅनलवर सहा वर्षं बातम्या लिहिल्या. तिथल्या भागांना कॅम्प म्हणतात; कॅम्प तीनच्या बाजारात, कपड्यांच्या दुकानावर आमचा स्टुडिओ. बातमी मी लिहायची आणि आधी माइकवर मीच वाचायची. त्याला आम्ही ‘कच्चा’ म्हणायचो. त्या कच्च्यावर एडिटर चित्रं बसवायचा. मग मॅडम यायच्या, कानाला माझा आवाज लावून तेच वाचायच्या. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं माझं. त्यांचं झालं की माझा आवाज पुसायचा.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "लिहितेस चांगलं. पण आवाजातून नाल्याचा वास येतो. लोग चॅनल बदल देंगे." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नाल्याकाठी राहते हे खरंच आहे. कॅम्प चारमागे आमची वस्ती. आई घरी बसून जीन्सचे धागे कापते. शेजारचा रामदासदादा जीन्स धुण्याच्या कारखान्यात होता. मालकाने त्याला टाकी साफ करायला आत उतरवलं. कमरेला दोरी नाही, तोंडाला फडकं नाही. वर काढला तो मेलेलाच. त्याच्याबरोबरच्या दोघांनी मला सगळं सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. बातमी लिहिली, ‘दोरीशिवाय टाकीत उतरवलेल्या कामगाराचा गुदमरून मृत्यू.’

सरांनी लाल पेनने काट मारली. वर लिहिलं, ‘तोल जाऊन टाकीत पडल्याने.’ त्या मालकाची जाहिरात आमच्याकडे दर तासाला लागायची.

"सर, तो पडला नाही. त्याला उतरवला."

"तू होतीस तिथे? वाच."

मी वाचलं. कच्चा तर आहे, पुसलाच जाणार, असं मनाला समजावत वाचलं आणि घरी निघाले.

मॅडम त्या दिवशी घाईत होत्या. बाकीच्या बातम्या वाचून गेल्या, एक राहिली. एडिटरच्या ध्यानात आलं नाही. कच्चाच गेला.

मी गल्लीत शिरले तेव्हा आई टीव्ही मोठा करून दारात उभी होती. हात उंच करून सगळ्यांना सांगत होती, "गप बसा रे! माझ्या पोरीचा आवाज आलाय!" गल्ली गप्प झाली. आणि माझा आवाज सांगू लागला, रामदासदादा तोल जाऊन पडला.

आईचा हात खाली आला. समोरच्या उंबऱ्यात दादाची बायको, सुमनवहिनी बसलेली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, तुला तर माहीत होतं ना."

मी घरात शिरले आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती माफी. सरांना फोन आले होते. बातमी खोटी आहे म्हणून नव्हे. ही बाई कोण, कुठून पकडून आणली, म्हणून. मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘काल आम्ही खोटी बातमी दिली. ती मी वाचली.’

सरांनी तो चुरगाळला. "डोकं फिरलंय का तुझं? माफी लिख, नहीं तो निकल."

"माझा आवाज बरोबर होता, सर. शब्द तुमचे होते."

शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. लाल काट मारलेला कालचा कागद ट्रेमध्येच होता. तो पर्समध्ये घातला आणि जिना उतरले. कुणी हाक मारली नाही. संध्याकाळी मॅडमनी माफी वाचली. गोड वाचली.

त्यानंतर काहीही बदललं नाही. पोलिसांच्या कागदावर ‘तोल जाऊन’च आहे. मला सांगणारे दोघे गावी निघून गेले, फोन उचलत नाहीत. आणखी दोन चॅनलांनी मला दारातूनच परत पाठवलं. मी आता आईबरोबर धागे कापते. सुमनवहिनीही तिथेच बसते, पण माझ्याशी बोलत नाही. तिने बोलावं, असं म्हणायचं तोंड मला नाही.

तिच्या भरपाईच्या अर्जाची कामगार कार्यालयात सुनावणी आहे. तिच्याकडे साक्षीदार नाही. मी जाणार आहे. मालकाचा वकील विचारेल, तू होतीस तिथे? नव्हते. माझ्याकडे फक्त वही आहे आणि तो कागद. अर्ज बहुतेक फेटाळला जाईल, मला माहीत आहे. तरी काट कुणी मारली, कशावर मारली आणि ते खोटं कुणाच्या तोंडून गेलं, हे मी तिथे मोठ्याने सांगणार. याच आवाजात.

मग कारकून माझा जबाब सहीसाठी पुढे सरकवेल. मी तो आधी पूर्ण वाचणार. एका शब्दावर जरी काट दिसली, तर सही करणार नाही.