दुखणं दोन, लाडू बारा

माझ्या उजव्या खुब्यात बसवलेल्या धातूच्या सांध्यावरून कॅनडातल्या एका कोर्टात दावा चालू होता, आणि त्या दाव्यात मी होते. मला कोणी विचारलं नव्हतं. तसला सांधा ज्यांच्या ज्यांच्या अंगात होता त्या सगळ्यांना एकत्र धरलं होतं. ज्याला नको असेल त्यानं ठरलेल्या तारखेच्या आत कळवायचं. ते पत्र गेलं लेकीच्या कॅनडातल्या जुन्या घरी. तिथे मी सहा वर्षं राहिले होते, ऑपरेशनही तिथलंच. फिरत फिरत ते इथे दुबईला मुलाच्या घरी पोचलं तोवर तारीख उलटून गेली होती.

"म्हणजे आता बाहेर पडता येत नाही?" मी मुलाला विचारलं.

"नाही आई. खलास. यू आर इन."

सांधा माझ्या अंगात, मी दाव्यात, आणि आम्ही सगळे दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीत अकराव्या मजल्यावर. बाल्कनीतून खालचं सुपरमार्केट दिसतं. कोथिंबीर स्वतः निवडून आणावी असं रोज वाटतं. लिफ्टपर्यंत जाऊन भिंत धरते आणि परत येते. धातूवर धातू घासून त्याचा कीस आत पडतो, म्हणून दुखतं, असं इथल्या डॉक्टरनं सांगितलं. सांधा काढून दुसरा बसवायला हवा. पण इथला विमा जुन्या दुखण्याला हात लावत नाही.

तेवढ्यात कळलं की कंपनी आणि आमच्या बाजूचे वकील यांची तडजोड झाली आहे. ज्यांच्या जुन्या कागदांत दुखणं दहापैकी पाचाच्या वर लिहिलंय, त्यांचं दुसरं ऑपरेशन कंपनी करून देणार. बाकीच्यांना एक तपासणी, आणि नमस्कार. न्यायाधीशांनी एकदा मंजुरी दिली की पुन्हा कोणी तक्रार घेऊन जायचं नाही. मंजुरीच्या आधी हरकत मात्र घेता येत होती.

मी निर्धास्त होते. मला तर पहिल्या वर्षापासून दुखत होतं. मग तिकडच्या हॉस्पिटलातून माझे कागद आले. नात सतरा वर्षांची, जन्म इथलाच, मी मराठीत बोलले तरी उत्तर इंग्रजीत. ती वाचू लागली.

"पेन, टू. नेक्स्ट व्हिजिट, पेन, टू." मग थांबली. "आजी, इट सेज पेशंट व्हेरी हॅपी. ब्रॉट स्वीट्स."

आता कागदातल्या त्या खूश बाईबद्दल सांगायलाच हवं. वय एकोणसाठ, नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका, स्वतःला फार शहाणी समजायची. डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळीच दुखण्याची गोळी घ्यायची, कारण त्यांच्यासमोर लंगडणं बरं दिसत नाही. काठी गाडीत ठेवायची. इस्त्रीची साडी, हातात बेसनाच्या बारा लाडवांचा डबा, आणि त्या लांब कॉरिडॉरमधून अशी चालायची की जणू बक्षीस घ्यायला स्टेजवर निघाली आहे. शून्य ते दहा, किती दुखतं, असं डॉक्टर विचारायचे. त्यांनी एवढ्या मेहनतीनं बसवलेला सांधा. तो दुखतो म्हणायचं म्हणजे जेवायला गेलेल्या घरी आमटी खारट झालीय म्हणण्यासारखं. शून्य म्हटलं तर खोटं वाटेल, म्हणून दोन. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडायची, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. हा हिशेबीपणा बघा. आता भेटली तर तिची काठी तिच्याच पाठीत घालीन.

मी हरकत सांगितली, नातीनं टाइप केली. जुन्या आकड्यांवर जाऊ नका, आम्हाला आत्ता तपासा. माझ्यासारख्या आणखी असतील, एवढंच म्हणणं. कोर्टानं मला व्हिडिओवर पाच मिनिटं दिली. तिकडे सकाळ, इथे संध्याकाळचे सहा.

त्या दिवशी मी गोळी घेतली नाही. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, साडी बदला. फार बऱ्या दिसताय तुम्ही."

"मग काय फाटकी नेसू?"

"निदान लिपस्टिक तरी पुसा."

नातीनं खुर्चीवर उशा रचल्या. "अँड नो स्मायलिंग, आजी." मग स्क्रीनकडे बघून, "यल्ला, कम ऑन, यू आर नेक्स्ट."

न्यायाधीश बाई होत्या, सभ्य चेहऱ्याच्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, आज कशा आहात?

"व्हेरी फाइन, थँक यू," मी हसून म्हणाले. "अँड यू?"

नातीनं टेबलावर डोकं टेकलं. मुलगा सोफ्यावरून उठला. मग माझ्या शाळेतल्या इंग्रजीत मी म्हणाले, "जजमॅडम, मी आत्ता पुन्हा तेच केलं. अशीच मी वर्षानुवर्षं दोन सांगत आले. आत्ता दुखतंय ते आठ. मला तपासून बघा, माझं ऐकू नका."

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. कंपनीचा वकील म्हणाला की सहानुभूती आहे, पण प्रत्येकाला नव्यानं तपासायचं तर तडजोडच मोडेल.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मंजुरी. माझ्यासाठी एक परिच्छेद खर्ची घातला होता: हरकत प्रामाणिक आहे, पण कोर्टाला ही तडजोड अख्खी घेता येते किंवा अख्खी नाकारता येते, मधलं एक कलम बदलता येत नाही, आणि नाकारली तर ज्यांना अंथरुणातून उठताही येत नाही त्यांची ऑपरेशनं आणखी लांबतील. मी तो परिच्छेद नातीकडून दोनदा वाचून घेतला. न्यायाधीशाच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं, ते मला सुचलं नाही. त्यामुळे धड रागावताही आलं नाही.

माझ्या वाटणीची तपासणी दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या एका दवाखान्यात झाली. नर्स केरळची. तिनं हिंदीत विचारलं, "अम्मा, दर्द कितना? ज़ीरो से टेन?"

"आठ," मी म्हणाले. तिनं आठ लिहिलं. नातीनं वाकून खात्री करून घेतली. तो आकडा बघणारं कोर्ट आता उठून गेलंय हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पिशवीत लाडवांचा डबा होता. सवयीनं घेतलेला. तो मी काढला नाही. परतताना गाडीत उघडला, एक नातीला दिला, एक मी खाल्ला, आणि लिफ्टपर्यंत तिच्या खांद्याला धरून, राजरोस लंगडत गेले.