बोटभर अंतर

आमचे कराटेचे सर जीव खाऊन ठोसा मारायला लावत आणि तो समोरच्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबवायला सांगत. लागला तरी शिक्षा, लांब थांबला तरी शिक्षा. "मारायला कुणालाबी येतं. निघालेला हात थांबला पायजे," असं ते म्हणत. सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी सहा वर्षं हे थांबणं शिकले आणि सहाही वर्षं वैतागले.

सर फौजेतून निवृत्त झालेले. आवाज मात्र बारीक; कधी ओरडले नाहीत. घरी कुणी हात उगारल्याचं कळलं की पट्टा काढून घेत. बहिणीच्या मुस्काटात दिली म्हणून माझाही गेला. आई रदबदलीला आली, "आवं सर, बहिणी-बहिणींचं भांडण ते." सर म्हणाले, "वैनी, घरच्यावर उठलेला हात लय वाईट." पट्टा चार महिन्यांनी परत मिळाला.

साताऱ्याच्या स्पर्धेत समोरच्या मुलीनं माझा ओठ फोडला, पंचांना दिसलं नाही आणि मी हरले. तक्रार करा म्हणून सरांच्या मागं लागले. "तुझा हात थांबला न्हवं? मग झालं," एवढंच ते बोलले. सांगली येईपर्यंत मी एसटीत त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पण खरी चीड आली ती एका पट्टा-परीक्षेत. खाली पडलेल्या जोडीदाराला एक मुलगा लाथा घालत राहिला, म्हणून सरांनी त्याला नापास केलं. त्याचे वडील भागातलं वजनदार प्रस्थ. ते हॉलमध्ये आले आणि चाळीस पोरांसमोर त्यांनी सरांच्या कानाखाली मारली. चष्मा उडाला. सरांच्या मुठी वळलेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "पोरगं पडलेल्याला मारतंय. पट्टा मिळायचा न्हाई," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात अकरा जण आले, महिन्याभरानं चार. मास्तरच मार खातो, पोरांना काय शिकवणार, असं गावभर झालं. शाळेनं हॉल काढून घेतला आणि सर तासगावच्या पुढं आपल्या गावी निघून गेले.

मी तेव्हा मिरजेच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले होते. एका रविवारी स्कूटर काढली आणि भांडायलाच त्यांच्या द्राक्षबागेत गेले. त्यांच्या थोरल्या भावानं चहा आणून दिला. मी चहाचं कौतुक केलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. सर उठून त्यांच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि माझं वाक्य त्या कानात सांगितलं. भाऊ हसले आणि कामाला गेले.

"सर, एक तरी मारायची होती," मी म्हटलं.

सरांनी बागेत शिरणाऱ्या भावाच्या पाठीकडं पाहिलं. मग म्हणाले, "फौजेत होतो तवा सुट्टीवर आलो. बांधावरनं शब्द वाढला आन् दादाला कानफटात दिली. एकच. तो कान गेला. त्या दिवशी हॉलात हात उठला असता, तर माझा मला थांबला नसता. माझ्यात लय राग हाय, पोरी."

मला दया यायला हवी होती, आला संतापच. "म्हणजे तुमच्या चुकीची शिक्षा सहा वर्षं आम्ही भोगली?"

"तसं म्हण," सर म्हणाले. "पर तुझ्या हातनं अजून कुणाचं कायमचं वाईट झालं न्हाई. तू शिकीव."

मिरजेपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडतच आले. तरी आता आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात दर रविवारी नऊ मुली येतात. मी त्यांना थांबायला शिकवत नाही. अंगावर कुणी आला तर लागेल असंच मारा आणि पळा, असं सांगते.

एकदा सर न कळवता आले. मागं सतरंजीवर बसून त्यांनी अख्खा वर्ग पाहिला आणि काही न बोलता गेले. मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मारू दे पोरींना. तुझं बरोबर हाय," ते म्हणाले. "फकस्त, मारल्यावर कुठली पोरगी हसती, तेवढं बघत जा."

माझं भांडण अजून संपलेलं नाही. पण दर रविवारी मी मुलींच्या हातांपेक्षा तोंडांकडंच जास्त बघत असते.