येते म्हणाले आणि निघून गेले: हातगडची इंग्रजी सहल

"तू फक्त हास. बोलायचं मी बघतो."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझा नवरा स्कूटर स्टँडला लावता लावता हे म्हणाला होता. त्याच्या कंपनीत परदेशी पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी जेवण होतं आणि बायकांनाही बोलावलं होतं. वाक्यात वाईट काहीच नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं, हिला उगाच घाम फुटायला नको. मी हसले. त्या जेवणात हसले, नंतरच्या सगळ्या जेवणांत हसले, मुग्धाच्या शाळेतल्या पालकसभांना हसले, बँकेत हसले. ही बाई फारच आनंदी आहे, असा नाशकातल्या बऱ्याच लोकांचा समज असणार.

आता मात्र हसून भागणार नाही. आमच्या मुग्धाने कार्तिकशी लग्न करायचं ठरवलंय. तो कोइमतूरचा. त्याचे आईवडील पुढच्या महिन्यात आमच्या घरी येणार आहेत. त्यांना हिंदी येत नाही, आम्हाला तमिळ येत नाही. उरलं इंग्रजी. "मी आहे ना," नवरा म्हणाला. आहेच तो. पण माझी पोर ज्या बाईला अम्मा म्हणणार, तिच्याशी मला स्वतःला बोलायचं होतं. नवऱ्याकडून ऐकायचं म्हणजे दोन तासांच्या गप्पांचा सारांश 'चांगले लोक आहेत, जेवले' एवढाच मिळतो.

म्हणून मी बायकांच्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जायला लागले. तिथे सुनंदा भेटली. तिचा मखमलाबादला गुलाबाचा मळा आहे. ती का शिकते, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "फोनवर इंग्रजीत कोण काय इकतंय ते मला कळत नाय ताई, आन मी यस यस म्हणत बसते. मला नाय म्हणायला शिकायचंय."

क्लासच्या मॅडम एकदा सहज बोलून गेल्या की घरापासून लांब जा, दोन दिवस फक्त इंग्रजी बोला, मग बघा. त्या बहुधा लंडनबद्दल बोलत होत्या. सुनंदाने हातगड ठरवलं.

शनिवार

कुणाला जायचं असेल तर सांगते. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावरून दिंडोरी, वणीमार्गे सापुताऱ्याकडे जाणारी एसटी धरायची. सकाळचीच धरा, दुपारच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च सांगायलाही लाज वाटते. जानेवारी उत्तम. स्वेटर घ्या.

आमचा नियम असा की जी मराठीत बोलेल तिने पुढचं गाव येईपर्यंत खिडकीबाहेर जे दिसेल त्याचं इंग्रजीत वर्णन करायचं, मोठ्याने.

कंडक्टर आला. सुनंदा ताठ बसून म्हणाली, "टू लेडीज हातगड. प्लीज गिव्ह."

कंडक्टरने आम्हाला नीट न्याहाळलं. "आप लोग कहाँ से आये हो?"

"मखमलाबाद," सुनंदा म्हणाली.

"मग मराठीत बोला की मावशी!"

"मावशी कोणाला म्हणतो रे?" सुनंदा उसळली आणि तिथेच पहिली शिक्षा लागली.

दिंडोरी येईपर्यंत सगळी एसटी सुनंदाचं वर्णन ऐकत होती. "देअर इज ग्रेप्स. अगेन ग्रेप्स. नाऊ बफेलो. बफेलो इज गॉन. अगेन ग्रेप्स." वणी सोडल्यावर शिक्षा माझ्यावर आली, तेव्हा मागच्या सीटवरचे एक आजोबा पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, उजव्या हाताला सप्तशृंगीचा गड आहे, त्याचंही सांगा ना." मी म्हणाले, "मदर इज देअर. ऑन टॉप." त्यांनी हात जोडले. देवीला जोडले असावेत.

मधल्या वेळात मॅडमनी मोबाइलवर पाठवलेला ऐकण्याचा पाठ घेतला. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. एक गोरी बाई हॉटेलात सूप मागवत होती. वेटर तिला विचारतो, "वुड यू केअर फॉर सम मोअर?" आणि मग आपल्याला प्रश्न येतो की वेटरने काय विचारलं. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. मला 'केअर' तेवढं कळलं, म्हणजे बाई आजारी असावी. सुनंदा म्हणाली, "अगं, वाढू का म्हणतोय तो. वाटीत बघत असंल." हे तिला कसं कळलं, देव जाणे. वर्णनाची शिक्षा तिने हसत हसत भोगली.

हातगड रस्त्यालगतच आहे, सापुताऱ्याच्या अलीकडे. सापुताऱ्याला तलाव आहे, बोटी आहेत, हॉटेलं आहेत आणि सुट्टीच्या दिवशी जत्रा आहे. आम्ही अलीकडेच उतरलो. मंजुळाबाई नावाच्या बाईंच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. आधी फोन करून सांगायचं. राहणं आणि दोन वेळचं जेवण मिळून सापुताऱ्याच्या साध्या हॉटेलच्या निम्म्यात होतं. नागलीची (आपली नाचणी) गरम भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी. मी ती चटणी एवढी खाल्ली की दुसऱ्या दिवशीही दात काळे होते.

"फूड इज व्हेरी टेस्टी," सुनंदा म्हणाली.

मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणं ती? मीठ कमी हाय?"

मी नियम मोडला. "छान झालंय म्हणते."

"मग तसं सांगा ना. तोंड वाकडं करून कशाला?"

रविवार

या बाजूला हल्ली स्ट्रॉबेरी होते. किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्यावर बायका टोपल्या घेऊन बसतात, मंजुळाबाईही त्यांतल्याच. विकत घेण्याआधी एक खाऊन बघू देतात, आणि एकीवर तुम्ही थांबलात तर तुमच्या संयमाचं कौतुक आहे.

सकाळी सुनंदा माझ्याआधी आवरून गडाकडे निघाली. मी टोपलीपाशी रेंगाळले. तिथल्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. पांढरी साडी, पायात पांढरे बूट, मांडीवर पर्स. मुलगा, सून आणि नातवंडं शेतात स्ट्रॉबेरी तोडायला गेली होती. त्या मंजुळाबाईंना बोटांनी काहीतरी विचारत होत्या आणि मंजुळाबाई बोटांनीच उत्तर देत होत्या. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यू नो इंग्लिश?"

माझं हसू ओठांपर्यंत आलं होतं. जुनी सवय. आजूबाजूला नवरा नव्हता. मी म्हणाले, "लिटल."

"मी ऑल्सो लिटल," त्या म्हणाल्या आणि बाकावर सरकल्या.

त्यांचं नाव लीलाम्मा. केरळच्या, निवृत्त नर्स. मुलगा नाशकात नोकरीला म्हणून दोन महिने आलेल्या. त्या सूपवाल्या बाईचं मला अक्षर कळत नव्हतं, आणि लीलाम्मांचं सगळं कळत होतं. त्या शब्द गोल गोल करून बोलायच्या, अडलं की हाताने दाखवायच्या, आणि मी अडले की माझा हात धरून थांबायच्या. घाई कुणालाच नव्हती. त्यांचे गुडघे, माझी पाठ, नाशिकची थंडी, इथल्या भाज्यांत नारळ नसतो ही शोकांतिका. मी मुग्धाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "यू आर हॅपी ऑर यू आर अफ्रेड?" असं मला मराठीतही कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "बोथ."

"गुड," त्या म्हणाल्या. "ओन्ली हॅपी इज डेंजर."

तेवढ्यात वरून सुनंदाची हाक आली, "ताईऽऽ, कम फास्ट!" मी उठले. लीलाम्मांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ओके. आय ॲम कमिंग."

आणि गेले.

गडाबद्दल थोडं. बऱ्याच वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या. दरवाजे आहेत, पाण्याची टाकी आहेत, आणि वरून एकीकडे सापुतारा, दुसरीकडे सुरगाण्याचे डोंगर. वारा एवढा की सुनंदाची ओढणी तिच्या आधी गुजरातला पोचली असती. गुडघे बरे असतील तर आरामात चढता येतो. आम्ही आरामातच चढलो, फोटो काढले, वर बसून भाकरी खाल्ली, आणि ऊन चढल्यावर खाली आलो.

बाकावर लीलाम्मा बसल्या होत्या.

शेजारी त्यांचा मुलगा उभा, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. सून गाडीत. मागच्या सीटवर मुलं भांडत होती. मंजुळाबाई मला बघून ओरडल्या, "आवो, कुठं व्हत्या? ही म्हातारी उठंच ना! पोरगा किती डाव चला म्हणला. तुमची वाट बघते ती."

मुलाने मला हिंदीत सांगितलं, शांतपणे, पण दात आवळून. "अम्मा म्हणते, त्या बाई येते म्हणून गेल्या आहेत, त्या आल्याशिवाय मी हलणार नाही."

 मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले आणि इंग्रजीत सांगायला लागले. इतकं सलग इंग्रजी मी आयुष्यात बोलले नव्हते. आमच्यात घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. ते अशुभ. जाते म्हणजे कायमचीच. म्हणून येते म्हणायचं. आय गो, बट आय से कमिंग. सॉरी, सॉरी, व्हेरी सॉरी.

 लीलाम्मा असं हसल्या की पर्स मांडीवरून खाली पडली.

"अवर प्लेस ऑल्सो सेम!" त्या म्हणाल्या. त्यांच्याकडेही जाते म्हणत नाहीत, जाऊन येते म्हणतात. तमिळमध्येही तसंच, त्यांनी बोट वर करून मला बजावलं.

"मग तुम्ही थांबलात कशाला?" मी तुटक्या इंग्रजीत विचारलं.

"यू सेड इन इंग्लिश," लीलाम्मा म्हणाल्या. "आय थॉट, इन इंग्लिश इट इज ट्रू."

त्यांचा मुलगाही हसला. मंजुळाबाईंना मी मराठीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग काय, आमच्यातबी तसंच." गाडी सुटताना लीलाम्मांनी काच खाली केली आणि ओरडल्या, "आय ॲम कमिंग!" आणि नाशिकच्या दिशेने गेल्या. सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "शी इज नॉट कमिंग, ताई." मग, मराठीत, "पण लय भारी म्हणली." शिक्षा मी माफ केली.

घरी

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खूप हसला. मग भाताला हात घालता घालता म्हणाला, "तिथे 'आय ॲम लीव्हिंग' म्हणायचं असतं."

बरोबर आहे त्याचं. त्याचं इंग्रजी नेहमीच बरोबर असतं, आणि मला भीती नेमकी त्याचीच वाटायला लागली. पुढच्या महिन्यात कार्तिकची अम्मा आमच्या दारात चपला घालताना म्हणेल, ओके, वी वुइल कम. नवरा अदबीने विचारेल, काही राहिलं का? आणि त्या बाईने घाबरून, मनात तमिळ आणि ओठांवर इंग्रजी घेऊन आमच्या घराला जे चांगलं म्हटलं असेल, ते तिथे उंबऱ्यावरच पडून राहील. कारण ते ज्या बाईला कळलं असतं, ती आत कप विसळत असेल. हसत.

अहो, तुम्ही माझा ब्लॉग फोटोंपुरताच बघता, म्हणून हे शेवटच्या फोटोखाली लिहिते. तुम्ही नाही म्हणाल, माहीत आहे. साखर कुठे असते ते माहीत नाही म्हणाल, लोक काय म्हणतील म्हणाल, त्यांच्यासमोर तुझं अडलं तर, म्हणाल. अडू दे. साखर गॅसच्या वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात आहे. त्या दिवशी चहा तुम्ही कराल का?