उभ्यानं काढलेलं ऑइल

"उभ्यानं होतंय ना? मग आडवं कशाला व्हायचं?"

असं म्हणून ते आधी शर्टाच्या बाह्यांना नीट दोन घड्या घालायचे आणि मगच गाडीच्या बॉनेटला हात लावायचे. शर्ट पांढरा, इस्त्रीचा. पौर्णिमेला विहारात जाताना घालायचे तोच. इंजिनचं ऑइल बदलायला पांढरा शर्ट घालून येणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी एकच पाहिला. नांदेडला, आमच्याच गल्लीत.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. मीही काकाच म्हणायचो. ते मला बीकॉम म्हणायचे.

त्यांचं सांगायच्या आधी आमच्या घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा बाप भोकरच्या रस्त्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला होता. पोतं अंथरायचं, त्यावर पाठ टेकायची आणि सरकत सरकत ट्रकखाली जायचं. दिवसभर तेच. घरात एकच गादी होती आणि तिच्यावर बापाच्या पाठीचा काळा ठसा उमटला होता. आई सोड्यानं घासायची. ठसा फिका व्हायचा, जायचा नाही. पाहुणे आले की आई गादी उलटी टाकायची. एकदा नट एकदम सुटला आणि तापलेलं ऑइल बापाच्या मानेवर आलं. कानामागची कातडी शेवटपर्यंत चकाकत राहिली. दवाखान्यातून घरी आल्यावर बाप मला एवढंच बोलला, "तू काय बी कर, पण गाडीखाली यायचं न्हाई."

मी शेवटच्या वर्षाला असताना तो गेला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे मी चारचौघांत सांगतो. ऐकून कुणाला कंटाळा येत असेल तर त्यानं खुशाल कंटाळावं.

पुढे नांदेडला एका सरकारी कार्यालयात कारकून झालो आणि चार वर्षांनी जुनी का होईना, चारचाकी घेतली. गाडी दारात लागली त्याच दिवशी काका आपणहून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावले.

"ऑइल कवा बदललंय?"

"माहीत नाही, काका."

"शिकलात किती?"

"बीकॉम."

"बीकॉम! आन् ऑइलची पट्टी काढून बघता येत न्हाई?"

गल्लीतले दोघं-तिघं हसले. तेव्हापासून मी बीकॉम.

दुसऱ्या दिवशी ते पंप घेऊन आले. फवारणीचा पंप असतो ना, साधारण तसाच. खाली जाड प्लास्टिकचा डबा, वर दट्ट्या आणि एक लांब बारीक नळी. आधी इंजिन पाच-सात मिनिटं चालू ठेवायला लावलं. "थंड ऑइल आळशी असतंय, उठत न्हाई." मग गाडी बंद. ऑइल मोजायची पट्टी काढली आणि तिच्या भोकातून नळी आत सोडली, पार तळाला टेकेपर्यंत. मग दट्ट्याचे पंधरा-वीस दणके. हात थांबवला तरी नळीतून काळंभोर ऑइल आपोआप वर चढायला लागलं. गाडी जॅकवर चढवणं नाही, नट खोलणं नाही, जमिनीला पाठ लावणं नाही. मी बघतच राहिलो. माझ्या बापाच्या आयुष्यभराच्या कामाला तिथं एक नळी पुरली होती.

ऑइल ओढलं जाईपर्यंत दहा मिनिटं जायची. तेवढ्यात काका बोलायचे.

"एकवीस वर्षं खाली होतो मी, देगलूर नाक्याच्या गॅरेजात. पोरीला बघाय पाव्हणे आलते उदगीरहून. घर सापडंना म्हणून गॅरेजवरच आले. मी ट्रकखाली. मालकानं बोट दाखवलं, हे बगा पोरीचे वडील. पाव्हणे वाकले बी न्हाईत. माझ्या पायाशीच बोलले. 'रामराम, घर कोन्या अंगाला हाय?' मी बी खालूनच पत्ता सांगितला."

हे सांगताना ते स्वतःच हसायचे. आपल्यालाही हसू यायचं. मग ते नळीकडे बघत पुढचं सांगायचे.

"पोहे खाल्ले, चहा पिले, गेले. निरोप आला, पोरगी चांगली हाय पण आमचं जमणार न्हाई."

पोरीनं लग्नाचा विषयच बाजूला सारला आणि नर्सिंग केलं. लातूरला दवाखान्यात लागली. पहिल्या पगारात तिनं बापाला कपडे, मिठाई असलं काही घेतलं नाही. हा पंप पाठवला. फोनवर म्हणाली, बाबा, आता उभ्यानं. काका त्याच दिवशी गॅरेज सोडून आले आणि पुन्हा गाडीखाली जायचं नाही असं त्यांनी ठरवलं. गल्लीला ते सगळं ठाऊक होतं. ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा लागतो, म्हणून ज्या गाडीचा ऑइल फिल्टर वरून हाताला येतो, तीच गाडी ते घ्यायचे. फिल्टर खालच्या अंगाला असला की हात जोडायचे. "ही आपल्याच्यानं होणार न्हाई. गॅरेजला न्या." कितीही ओळख काढा, किती गळ घाला, नाही म्हणजे नाही.

लोकांना खात्री वाटायची नाही. तळाचं राहत असंल की काका, असं कुणीतरी म्हणायचंच. त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. डब्यावर लिटरच्या खुणा होत्या. गाडीचं पुस्तक मागायचे, त्यातला आकडा मालकाला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि मग डबा उजेडात धरायचे. "जेवढं लिहिलंय तेवढं निघालं. आता अजून काय इंजिन पिळू?"

आता माझी गोष्ट. त्या वर्षी माझा गोपनीय अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. बढतीचं सगळं त्याच्यावर अवलंबून. अशा दिवसांत माणूस साहेबांच्या नजरेत राहायला काय काय करतो, ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको. जेवणाच्या सुट्टीत मी काकांच्या पंपाची गोष्ट रंगवून सांगितली. साहेब म्हणाले, "रविवारी घेऊन या त्यांना. आमच्या गाडीचं ऑइल बदलायचंच आहे."

साहेबांची गाडी उंच, मोठी. फिल्टर वरच होता, मी आधी जाऊन बघून आलो होतो. रविवारी सकाळी काकांनी सगळं नेहमीसारखं केलं. साहेब पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. ऑइल निघालं. काकांनी पुस्तकातला आकडा साहेबांना वाचायला लावला आणि डबा उजेडात धरला. ऑइल बरोबर खुणेला टेकलं होतं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण खालचा नट एकदा खोलून घ्या. तळाला गाळ राहतो."

"सायेब, निघालंय सगळं. डब्यात बगा की."

"अहो, डब्यात दिसतंय. पण खालून काढल्याशिवाय समाधान होत नाही आमचं." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "काय हो, तुमचे काका ऐकत नाहीत वाटतं?"

साहेबांचा संशय ऑइलवर नव्हता. ते मला तेव्हाही कळलं होतं. उभा राहून, पांढऱ्या शर्टात, त्यांनाच पुस्तक वाचायला लावणारा माणूस त्यांना खुपत होता.

मी म्हणालो, "काका, एवढ्या वेळेला खाली जा ना. दोन मिनिटांचं तर काम आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बीकॉम, तुमी सांगून राहिलात का हे?"

"हो, काका."

त्यांनी शर्टाची बटणं काढली, शर्ट काढून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. पोर्चच्या कोपऱ्यात एक ओलं, मळकं पोतं पडलं होतं. ते मी आणलं. मीच अंथरलं. बनियनवर ते पाठीवर झोपले आणि सरकत आत गेले. एकवीस वर्षांची सवय, अंग विसरलं नव्हतं. बाहेर फक्त पाय राहिले. टाचा भेगाळलेल्या.

साहेबांना फोन आला, ते बोलत बोलत घरात गेले. पोर्चमध्ये मी, माझ्या हातात शर्ट, आणि ते पाय. वेळ जाईना. दोन मिनिटांची दहा झाली. मग मी विचारलं, "काका, झालं का?"

विचारलं आणि माझ्या लक्षात आलं, मी वाकलो नव्हतो. त्या पायांशी बोललो होतो.

खालून आवाज आला, "झालं, सायेब."

साहेब घरात होते. पोर्चमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

बाहेर यायला त्यांना त्रास झाला. कंबर धरली होती. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. नटाखाली धरलेला वर्तमानपत्राचा कागद त्यांनी साहेब बाहेर आल्यावर पुढे केला. त्यावर एक डाग होता, रुपयाएवढा.

"एवढं निघालं, सायेब."

साहेबांनी कागद बघितला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "बघा! राहिलंच होतं की."

काकांनी नवीन ऑइल भरलं, पट्टी पुसून पातळी दाखवली आणि शर्ट घातला. बनियनची पाठ ओली काळी झाली होती, ती शर्टातून उमटली. परत येताना माझ्या गाडीत ते पाठ न टेकता ताठ बसले.

"टेका की, काका."

"नको, सायेब. सीटला डाग पडंल."

विहाराच्या कोपऱ्यावर उतरले, पंप घेतला आणि गेले. त्यानंतर मला ते कधी वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. गल्लीत समोर आले की थांबायचे, नमस्कार सायेब म्हणायचे आणि पुढे जायचे. चार-पाच महिन्यांनी माझ्या गाडीचं ऑइल बदलायला आलं तेव्हा त्यांच्या घरी गेलो. "कंबर धरती हो, सायेब. गॅरेजला न्या." मी गॅरेजला नेली. तिथल्या माणसानं पोतं अंथरलं तेव्हा मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

अहवाल चांगला गेला. बढतीचा आदेश आला. पेढे घेऊन काकांच्या दारात गेलो तर कुलूप. शेजारी म्हणाले, पोरगी येऊन लातूरला घेऊन गेली, कंबरेनं उठता येईना त्यांना.

लातूरला जायचं मी रोज ठरवत होतो. गेलो ते काका वारल्यावर. मुलीनं आत बोलावलं, चहा दिला. मग आतून पंप आणला. स्वच्छ धुतलेला, नळीची गुंडाळी करून तिच्या तोंडाला चिंधी बांधलेली.

"बीकॉम म्हणजे तुमीच ना?"

मी मान हलवली.

"बाबा म्हणले, ह्यो बीकॉमला दे. त्यांच्या गाडीचा फिल्टर वरच हाय." मग पंप माझ्या हातात देत म्हणाली, "तुमचं लई जमत व्हतं का त्यांच्यासंगं?"

"हो," मी म्हणालो. तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या गाडीचं ऑइल मी घरीच बदलतो. इंजिन गरम करतो, नळी तळाला टेकवतो, वीस दणके देतो आणि काळं वर चढताना बघत उभा राहतो. डबा उजेडात धरतो. खालचा नट मी कधी खोलून बघितला नाही.

कार्यालयात माझ्या दारावर नावाची पाटी आहे. लोक साहेब म्हणतात. आमच्या घरात गाडीखाली न गेलेला पहिला माणूस मी. एवढं मिळवलं.