न मोजलेली मेंढरं

पावसाळ्यात मुळशीचा चिखल मेंढरांच्या खुरांना सोसत नाही. पाऊस लागला की वडील कळप घेऊन पूर्वेला कोरड्या मुलखात जायचे, आणि आई, थोरला भाऊ आणि मी मागं कुडाच्या खोपटात राहायचो. वडील दुसऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. त्याच्या बदल्यात मिळालेली बाजरी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर धाडायचे. बाजरी उशिरा आली की आई कुणाकडून तरी ताक मागून आणायची, आणि तांदळाच्या कण्यांवर ते ओतून आम्ही जेवायचो. गरिबीचं मला कौतुक नाही. होती ती अशी होती.

आमच्यात एक रीत होती. मेंढरं मोजायची नाहीत. मोजली की घटतात. संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे सुतळीच्या जाळ्याच्या कुंपणात शिरताना नुसती तोंडं बघायची. कुठलं तोंड आलं नाही ते मेंढक्याला आपोआप कळतं. आकडा मात्र जिभेवर आणायचा नाही.

भाऊ आणि मी एकाच शाळेत, एकाच वर्गात बसायचो, कारण शाळेला खोलीच एक होती. एकदा गुरुजींनी त्याला विचारलं, "काय रे, तुमच्या घरी मेंढरं किती?"

भावानं मान खाली घातली.

"अरे, वीस असतील, पन्नास असतील. सांग की."

भाऊ खाली बघत राहिला. त्याला पाढे तोंडपाठ होते, पण गुरुजींनी पाढे विचारलेच नव्हते. "मेंढक्याचा पोरगा, आणि मेंढरं मोजता येईनात!" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरं त्याला मेंढरूच म्हणायला लागली. थोड्या दिवसांनी त्यानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि आईला म्हणाला, "म्या न्हाई जानार. तुमीच म्हनता मोजायचं न्हाई, आन तितं म्हनत्यात मोज."

पुढच्या पावसाळ्यात तो वडिलांबरोबर कळपामागं गेला. एका ओढ्याला अचानक लोंढा आला, तेव्हा तो खांद्यावर कोकरू घेऊन पाण्यात होता. कोकरू सापडलं. भाऊ सापडला नाही.

तेव्हापासून आईनं त्याचं नाव घेतलं नाही. फक्त संध्याकाळी मेंढरं आत घेताना ती हाळी देते, "हुर्रर्र, या, या," आणि सगळी आत आली तरी वाघरीचं एक टोक मोकळं ठेवते. जरा थांबते. मग आणखी एक हाळी देते. ती मेंढरांसाठी नसते. मेंढरंसुद्धा त्या हाळीला मान वर करत नाहीत.

मी शिकले. आईनं त्यासाठी कळपातली मेंढरं विकली आणि मला पुण्याला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.ए. झाले, आणि हे मी कुणालाही न लाजता सांगते. वसतिगृहात प्रार्थनेची सवय लागली, पुढं ख्रिस्ती घरात लग्न झालं. नवरा उरवड्याच्या कारखान्यात मशीनवर आहे. वडील गेल्यावर आई उरलीसुरली मेंढरं घेऊन मुळशीतल्याच कासार आंबोलीला आमच्याकडं आली. आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या मागं घरमालकाची पडीक जागा आहे, तिथं तिची वाघर असते. देवघरातला बिरोबा तिचा, भिंतीवरचा मेंढपाळ येशू आमचा. पहिल्याच दिवशी तिनं ते चित्र निरखलं आणि म्हणाली, "तुजा द्येव बी आपल्यातलाच हाय म्हन की. पर ह्येची मेंढरं लई धुतलेली हायेत."

माझी मुलगी पहिलीला इंग्रजी शाळेत होती. एक दिवस बाईंनी मला बोलावलं. टेबलावर चित्रांचं पुस्तक उघडं होतं. हिरवं कुरण, पांढरी मेंढरं. "बघा, रोज विचारते हाऊ मेनी शीप. ही बोलतच नाही. तिला काउंटिंग येत नाही. रेमेडियलच्या जादा वर्गाला टाकू या."

मुलगी माझ्याशेजारी खाली बघत उभी होती. ती मान, ती हनुवटी, सगळं माझ्या भावाचं. मी बाईंना रीत समजावून सांगायला गेले. त्या हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. रस्त्यात मी मुलीला विचारलं, "तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "आज्जीनं सांगितलंय. मोजलं की एक जातं."

दुसऱ्या दिवशी मी तिला शाळेत पाठवलं नाही. तिसऱ्याही नाही.

आई तापली. "तुला शाळंत घालाया म्या कळप इकला, आन तू पोरीला शाळंतनं काडतीस? बीए झाली न् येडी झाली ही!"

"घरी शिकवीन."

"घरी व्हय? घरी म्या बी शिकीवलं व्हतं की त्याला." एवढंच बोलून ती मेंढरांकडं गेली. भावाबद्दल इतक्या वर्षांत निघालेला तो पहिला शब्द होता. मला भीती वाटायला लागली. मीही उद्या एक दप्तर खुंटीला अडकवून ठेवणार, आणि मुलगी अडाणी राहणार, आणि ते माझ्यामुळं.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही बायका जवळच्या चांदे गावातल्या सोसायट्यांत राहतात. त्यांची मुलं घरीच शिकतात. त्यांतली एक मला म्हणाली, "ताई, डोन्ट वरी. करिक्युलम रेडी असतो, तुम्ही फक्त फॉलो करायचं." तिनं पुस्तकांची दोन खोकी वापरायला दिली. नवऱ्यानं ती मोटारसायकलवर बांधून आणली आणि म्हणाला, "बघून घे. शिक्षक तूच, मी शिपाई."

पहिलं खोकं परदेशी. गुळगुळीत कागद, रंग असे की हात लावायला भीती वाटावी. शिकवणाऱ्या आईनं काय विचारायचं, मुलानं काय उत्तर द्यायचं, सगळं छापलेलं. गणिताचं पहिलं पान उघडलं तर मेंढरं. मोजा. मी पुस्तक मिटलं. वाटलं, हे माझ्या मागंच लागलंय. दुसऱ्या खोक्यातली पुस्तकं दक्षिणेत कुठंतरी छापलेली, खरखरीत कागदाची. जुन्या पिढीतल्या कुणाच्या तरी घरातून आलेली दिसत होती. त्यांत नुसत्या गोष्टी, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी. प्रश्न नाहीत, उत्तरं नाहीत.

कुठलं घ्यायचं ते ठरेना. मी रोज संध्याकाळी दोन्हींतली एकेक गोष्ट मोठ्यानं वाचायला लागले. आई तांदूळ निवडत ऐकायची. असंच एकदा परदेशी पुस्तकातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली. मी ती मराठी करून सांगितली. मेंढपाळाची शंभर मेंढरं, एक हरवतं, तो बाकीची ठेवून शोधायला जातो.

"शंभर?" आईनं सूप खाली ठेवलं. "मोजली त्यानं. म्हनूनच येक ग्येलं."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी घाईनं पुढं गेले. मेंढरू सापडतं, तो ते खांद्यावर घेतो. खाली छापलेला प्रश्न वाचला, मेंढपाळाला आनंद झाला का? उत्तर, हो.

आई म्हणाली, "सापडलं त्येचं झालं. आन न्हाई सापडलं, त्येचं काय लिवलंय?"

मी पान उलटलं. पुढच्या पानावर दुसरा धडा होता. बाहेर मेंढरं खोकत होती. खोलीत आम्ही तिघीच होतो, तरी मला दाराकडं बघायचं धाडस होईना.

मुलगी म्हणाली, "आज्जी, मग तो अजून शोधत असेल. गोष्ट संपली नसेल."

आई तिच्याकडं बघत राहिली. मग उठली, मागच्या दारी गेली आणि तिनं तिची दुसरी हाळी दिली. यावेळी हाळीच्या शेवटी भावाचं नाव होतं. माझ्या मुलीनं मामाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं.

दुसऱ्या दिवशी परदेशी खोकं मी चांद्याला परत केलं. "का ताई, टू डिफिकल्ट?" ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही. त्यात उत्तरं फार आहेत."

गोष्टींना खरखरीत कागदाची पुस्तकं ठेवली. मराठी वाचायला गावच्या शाळेतलीच बालभारती आणली. गणिताला आईनं चिंचोके दिले, वर म्हणाली, "ह्ये मोज खुशाल. ह्ये कुटं जात न्हाईत." सकाळी माझा स्वयंपाक उरकला की आम्ही मागच्या दारात घोंगडं टाकून बसायचो. कधी शिकणं व्हायचं, कधी नुसती भांडणं.

आई वाघरीचं टोक अजून मोकळं ठेवते. हाळी अजून दोनदा देते.

यंदा पाऊस उघडल्यावर मुलीनं खरखरीत पुस्तकांतही असलेली हरवलेल्या मेंढराची सगळी गोष्ट आज्जीला वाचून दाखवली, आधी मराठीतून, मग इंग्रजीतून, कुठंही न अडखळता. चिंचोके ती शंभराच्या पुढं मोजते. माझी मुलगी घरी शिकली, आणि तिला लिहितावाचता येतं.