बावीस खुर्च्या आणि माझी सही

फोनवर उत्तरं देणाऱ्या यंत्राला शिकवायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या याद्यांमुळे. उज्जैनला येणाऱ्या यात्रेकरूंना फोनवर माहिती देणारं आमचं कॉल सेंटर, आणि मी तिथे सुपरवायझर. कोणते प्रश्न सारखे येतात, कोणी काय उत्तर दिलं, कुठे चूक झाली, हे मी रोज वहीत लिहून ठेवायची. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. अर्धवट माहिती मला सहन होत नाही, इतकंच. एक दिवस मॅनेजरने त्या वह्या मागितल्या आणि म्हणाला, "मैडम, आपने तो हमारा आधा काम कर रखा है." मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

इमारत शहराबाहेर. जमीन आणि वीज सरकारने सवलतीत दिलेली, अट एकच: इथल्या लोकांना नोकऱ्या द्यायच्या. दारापाशी तसा मोठा फलक होता, हेडफोन लावून हसणाऱ्या मुलींचा. आत बावीस खुर्च्या. त्यांतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर एक भाऊ बसायचे. वय पन्नासच्या आसपास, आमच्यासारखंच पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर. आधी देवास गेटपाशी त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार. लोक मोबाइलवरच अर्ज भरायला लागले तेव्हा दुकानाला कुलूप लावून ते इकडे आले.

त्यांची एक पद्धत होती. पलीकडच्या माणसाने काहीही विचारलं, तरी ते आधी विचारायचे, "बरोबर कोण कोण येतंय?" एकदा नांदेडच्या एका बाईंना फक्त आरतीची वेळ हवी होती. यांनी विचारल्यावर कळलं की सासूबाईंचे गुडघे गेलेले आहेत. मग राम घाटावर कुठल्या बाजूने उतरलं तर पायऱ्या कमी लागतात, ऑटो कुठपर्यंत येते, दुपारी दगड कसा तापतो, सगळं समजावून सांगितलं. त्यांचे फोन लांबायचे, पण त्या माणसाला दुसऱ्यांदा फोन करावा लागायचा नाही. मी वहीत नोंद केली: प्रत्येक फोनवर आधी सोबत कोण आहे ते विचारावं. त्यांना ती दाखवलीसुद्धा.

"ताई, खाली माझं नाव टाका हं," ते म्हणाले. "उद्या पेटंट घ्यायचं झालं तर भांडण नको."

त्यानंतर यंत्र आलं. गोड बायकी आवाज, मराठी, हिंदी, गुजराती, सगळं येणारं. चाचणीच्या वेळी मी फोन ऐकत होते. यंत्राने विचारलं, "आपल्यासोबत कोण कोण येत आहे?" पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मी एकटाच. हिच्या अस्थी आहेत बरोबर."

"छान! एकट्या प्रवाशांसाठी आमच्याकडे खास माहिती आहे," यंत्र म्हणालं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मॅनेजरला रेकॉर्डिंग ऐकवलं, तर तो म्हणाला, "सुधार वाली लिस्ट में डाल दीजिए." मी टाकलं. त्या यादीत तो एक मुद्दा होऊन पडला, अधिकमासाच्या तारखांच्या खाली.

महिन्याभरात वीस जणांना घरी पाठवलं. मी आणि एक मुलगी राहिलो, यंत्र अडलं की बघायला. भाऊ जाताना खुर्ची टेबलाखाली सरकवून गेले, जसे रोज जायचे तसेच.

दोन महिन्यांनी सवलतीची तपासणी लागली. सरकारी साहेब येऊन नोकऱ्या मोजणार होते. मॅनेजरने वीसही जणांना फोन केले. एक दिवस या, ओळखपत्र गळ्यात घाला, बसा. भाऊंना त्याने वेगळं सांगितलं होतं, की सगळं सुरळीत पार पडलं तर एक खुर्ची खरोखर पुन्हा भरायची आहे आणि ती त्यांची.

कर्मचाऱ्यांची यादी माझ्या सहीने जायची होती. मी ती नेहमीसारखी केली: नाव, कामावर घेतल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख. तपासणीच्या सकाळी भाऊ माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी यादी उलट्या बाजूनेच वाचली. टायपिंगवाल्यांना जमतं ते.

"ताई, हा शेवटचा कॉलम काढा."

"भाऊ, हे खोटं होईल."

"खरं लिहून कोणाचं भलं होणार आहे? घरी सगळ्यांना सांगून बसलोय मी, की परत बोलावलं म्हणून. मुलीच्या सासरीसुद्धा." मग हळू आवाजात म्हणाले, "हात जोडू का आता?"

मी कॉलम काढला. पुन्हा प्रिंट घेतली आणि सही केली.

साहेब आले. आम्ही बावीस जण पडद्यांकडे बघत बसलो होतो. हेडफोनच्या वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या. दोन-तीन बायका तोंडाने "जी, जी, बताइए" असं म्हणत होत्या. साहेबांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "काम कैसा है?"

"बढ़िया, साहब. अपने शहर में अपना काम."

साहेब खूश झाले. त्यांनी यादी उलटून पाहिली, कचोरी खाल्ली, सगळ्यांबरोबर फोटो काढला. आणि मी त्या फोटोत उभी राहिले. हसलेसुद्धा असेन.

आठ दिवसांनी मी मॅनेजरला भाऊंच्या खुर्चीचं विचारलं. त्याने माझीच यादी पुढे केली. "मैडम, यहाँ तो बाईस के बाईस भरे हैं. नया आदमी कहाँ लूँ?"

इतक्यावर संपलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण यंत्रांमुळे काम गेलेल्यांसाठी सरकारने नवीन प्रशिक्षण काढलं होतं, आणि भाऊ तिथे नाव नोंदवायला गेले. खिडकीवरच्या बाबूने संगणकात बघून त्यांना परत पाठवलं. आप तो नौकरी में हैं, कंपनी की सूची में नाम है. म्हणजे नोकरी नाही आणि बेकार म्हणवून घ्यायचीही सोय नाही. एकाच सरकारची दोन कार्यालयं. एकाने नोकऱ्या मोजायच्या, दुसऱ्याने बेकार मोजायचे, आणि दोघांचाही विश्वास माझ्या सहीवर. यंत्राची मला किळस आली होती, ती त्याला काहीच कळत नाही म्हणून. मला तर सगळं कळत होतं.

मंगळवारी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी भाऊंना घेऊन त्या खिडकीवर गेले. बाबू म्हणाला, नोंद बदलायची तर कंपनीच्या अधिकृत माणसाची सही लागेल.

"मीच ती," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "सिर्फ़ इनका?"

"वीस जणांचं." मी तारखांसकट पूर्ण यादी पुढे सरकवली. त्याने ती वाचली आणि आवाज खाली आणला. "मैडम, आपकी भी जाएगी. सोच लीजिए."

"फॉर्म द्या."

फॉर्ममध्ये एक रकाना होता, आधी चुकीची माहिती दिल्याचं कारण. पर्याय छापलेले होते: टंकलेखनातील चूक, तांत्रिक अडचण, इतर. बाबूने पेनाचं टोक पहिल्यावर टेकवलं, मदत म्हणूनच असेल. मी तिसऱ्यावर खूण केली आणि पुढे लिहायला लागले, की मला खरं माहीत होतं आणि मी जाणूनबुजून खोटी सही केली.

भाऊ शेजारून वाचत होते. म्हणाले, "हिंदीत लिहा ताई. मराठीत लिहिलंत तर परत पाठवतील."

मी ते खोडलं आणि हिंदीत लिहिलं.